एका सुईत पाच लसी: आधी कुणी तपासून बघितलंय का?

आम्ही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बचत गटांचं काम बघणाऱ्या समन्वयक. एरवी या रेडिओवर आम्ही हप्ते, व्याज आणि शेळ्यांचा विमा याबद्दल बोलतो. आज बाळांच्या लसीबद्दल बोलणार आहोत. पण हा विषयसुद्धा आमच्याकडे कर्जाच्या अर्जातूनच आला.

गेल्या पावसाळ्यात, भातलावणी उरकल्यावर, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत गटाची बैठक होती. एका ताईंनी चार हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर नातवाला खासगी दवाखान्यातली 'न दुखणारी' लस द्यायची. नातू दोन महिन्यांचा. दीड महिन्याचा डोस उपकेंद्रात झाला, त्या रात्री अंग तापलं, मांडी सुजली, पोर पहाटेपर्यंत रडलं. सुनेने ठरवलं, पुढच्या डोसला जायचं नाही. शेजारच्या तीन घरांनी तिचं ऐकून आपापली बाळं घरी ठेवली. ताई म्हणाल्या, "एवढंसं लेकरू. त्याला एका सुईत पाच रोगांची लस टोचतात. एवढं एकदम अंगाला सोसतं का, हे आधी कुणी तपासून बघितलंय का?"

बैठकीत कुणी म्हणालं, सरकार देतंय म्हणजे चांगलीच असणार. कुणी म्हणालं, फुकट देतायत म्हणजे हलकीच असणार. यातलं एकही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि आमच्याकडेही ते नव्हतं. म्हणून आम्ही अर्ज महिनाभर बाजूला ठेवला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटलो, जमेल तेवढं वाचलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी त्या सुईत असतं काय ते बघू. कार्डावर 'पेंटाव्हॅलंट' लिहिलेलं असतं, सिस्टर नुसतं 'पेंटा' म्हणतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, या पाचांविरुद्धची ती लस. पहिल्या तीन आपल्याला जुन्या, त्रिगुणीतल्या. हिब हा जंतू बाळांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो. आता 'पाच रोग टोचतात' असं आपण म्हणतो, पण रोग कुणी टोचत नाही. घटसर्प आणि धनुर्वाताच्या जंतूंचं विष घेऊन त्याची मारकशक्ती काढून टाकलेली असते. डांग्या खोकल्याचा जंतू अख्खा असतो, पण मेलेला. कावीळ बच्या विषाणूवरचं नुसतं आवरण असतं, तेही यीस्टमध्ये तयार केलेलं. हिबच्या जंतूवरचा साखरेसारखा थर एका प्रथिनाला जोडून देतात. रोग करायला यातलं काहीच पुरेसं नाही. बाळाच्या शरीराला शत्रूची तोंडओळख मात्र होते.

ही लस आपल्या देशात डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली आणि २०१५ पर्यंत देशभर पोचली. त्रिगुणी, कावीळ ब आणि हिब वेगवेगळ्या द्यायच्या म्हटल्या तर साडेतीन महिन्यांपर्यंत बाळाला नऊ सुया लागल्या असत्या. पेंटात त्या तीन झाल्या.

सुया कमी झाल्या हे ठीकच. पण पाच गोष्टी एकत्र केल्या की एक दुसरीला मारत नाही कशावरून? मसाला कुटताना लवंग जास्त पडली तर बाकीचं काही लागत नाही, हे आपल्याला सांगायला नको. लसीतही असं होतं, आणि एका देशात ते घडून गेलंय.

इंग्लंडमध्ये १९९२ पासून बाळांना हिबची लस मिळत होती आणि हिबचे आजार जवळजवळ दिसेनासे झाले होते. १९९९ नंतर ते पुन्हा वाढू लागले. शोध घेतल्यावर दोन-तीन कारणं निघाली. त्यातलं एक असं, की मधल्या काळात नेहमीच्या मिश्र लसीचा तुटवडा पडला, म्हणून डांग्या खोकल्याचा वेगळा, सौम्य घटक असलेली मिश्र लस वापरली गेली. त्या मिश्रणात हिबचा भाग कमी जोमाने काम करत होता. लस घातक नव्हती, पण एका बाजूला कमी पडत होती. शेवटी २००३ मध्ये लहान मुलांना हिबचा जादा डोस देण्याची मोहीम काढावी लागली. म्हणून मिश्र लसीचा प्रत्येक घटक वेगळा चांगला आहे एवढ्यावर काम भागत नाही. त्या मिश्रणाची परीक्षा मिश्रण म्हणूनच घ्यावी लागते.

ती कशी घेतात? समजा पाचशे बाळांच्या आई-वडिलांनी चाचणीला होकार दिला. अर्ध्या बाळांना नवी मिश्र लस द्यायची. उरलेल्यांना त्याच लसी वेगवेगळ्या सुयांनी, नाहीतर आधीच पारखलेली जुनी मिश्र लस. इथे कुणालाही नुसतं पाणी टोचत नाहीत, कारण घटसर्पाची लस हाताशी असताना बाळाला तिच्याविना ठेवणं हा गुन्हाच झाला. कोणत्या बाळाला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवत नाहीत, आईही ठरवत नाही. आपण भिशीत चिठ्ठी काढतो ना, तसंच. हल्ली ती चिठ्ठी संगणक काढतो. चिठ्ठी कशाला, तर डॉक्टरवर सोपवलं तर गुटगुटीत बाळं न कळत एका बाजूला आणि किरकोळ बाळं दुसऱ्या बाजूला जातील, मग फरक लसीचा की अंगाचा ते कळायचं नाही. बऱ्याच चाचण्यांत तर कुणाला काय दिलं हे आईला आणि तपासणाऱ्यालाही शेवटपर्यंत सांगत नाहीत. नवी लस मिळाली हे माहीत असलेली आई थोड्या तापालाही जास्त घाबरते, म्हणून.

तिसऱ्या डोसनंतर साधारण महिन्याने बाळाचं थोडं रक्त घेतात आणि पाचही रोगांविरुद्धची शक्ती वेगवेगळी मोजतात. प्रत्येकाची किमान पातळी ठरलेली आहे. उदाहरणार्थ, कावीळ बसाठी मिलीलीटरमागे १० मिली-युनिट. त्या पातळीच्या वर गेलेली बाळं दोन्ही गटांत किती आहेत ते बघतात. नवी लस जुनीपेक्षा फार तर इतकीच कमी पडली तर चालेल, ही रेघ चाचणी सुरू व्हायच्या आधी ओढून ठेवावी लागते. निकाल बघून रेघ सरकवता येत नाही. आणि चार घटक पास, एक नापास असं झालं तर त्या एकाचा जाब द्यावाच लागतो. शिवाय कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या तीन खेपांची आपसात तुलना करतात, म्हणजे पहिली खेप चांगली आणि तिसरी फिकी असं निघू नये.

आता त्रासाचं बघू. चाचणीत डोसनंतर रोज ताप किती, सूज किती, रडणं किती हे आईकडूनच कार्डावर भरून घेतात. आपल्या ताईंच्या नातवाला जे झालं ते या कार्डांवर हजारो वेळा लिहिलं गेलंय. त्याचं मुख्य कारण तो अख्खा, मेलेला डांग्या खोकल्याचा जंतू. खासगीतल्या 'न दुखणाऱ्या' लसीत अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक तुकडे असतात, म्हणून ताप आणि सूज कमी. पण अमेरिकेत सगळी मुलं त्या लसीवर गेल्यावर काही वर्षांनी डांग्या खोकल्याच्या साथी आल्या आणि तिचं संरक्षण लवकर ओसरतं हे ध्यानात आलं. ज्याला परवडतं त्याने ती जरूर घ्यावी, वाईट नाही ती. पण व्याजाने पैसे काढून घ्यावी इतकी ती सरस नाही, हे आमचं मत. उपकेंद्रातली लस दुखते हे खरं. हलकी मात्र नाही.

चाचणीचीही एक मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. तीन हजार बाळांत एखादा त्रास एकालाही झाला नाही, तरी तो हजारात एकाला होणारा असू शकतो, चाचणीत नेमका निसटलेला. अमेरिकेत १९९८ मध्ये जुलाबाच्या रोटा विषाणूवर एक लस आली. वापर सुरू झाल्यावर साधारण दहा हजारांत एका बाळाची आतडी एकात एक अडकतात असं दिसलं आणि १९९९ मध्ये ती मागे घेतली. त्यानंतरच्या रोटा लसींच्या चाचण्या साठ-साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, त्या या धड्यामुळे. म्हणून बाजारात आल्यावरही लसीवर नजर ठेवावी लागते. त्यात आपलं काम काय, ते पुढे सांगतोच.

हे सगळं इंग्लंड-अमेरिकेत झालं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू आहे. तिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं ग्रामीण आरोग्याचं काम कितीतरी वर्षांपासून चालू आहे. भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक या पाजायच्या लसीची मोठी चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली. पुण्याकडची बाजू याच केंद्राने सांभाळली. ६,७९९ बाळं होती. दोन हिश्श्यांना लस, एका हिश्श्याला तसंच दिसणारं पण लस नसलेलं औषध, कारण तेव्हा सरकारी कार्यक्रमात रोटाची लसच नव्हती. या लसीमुळे रोटाचे जोराचे जुलाब निम्म्याहून थोडे जास्त टळले. ही काही मिश्र लस नाही. पण रोटाचे थेंब आणि पेंटाची सुई एकाच दिवशी मिळतात, तेव्हा एकामुळे दुसरी बिघडत नाही ना, हेही वेगळं तपासलं गेलं. बिघडत नाही, असं निघालं. एका दिवशी इतकं सगळं देतात त्यामागे असा अभ्यास आहे.

आणखी एक चाचणी सांगतो, कारण ती फसली. फसली तीच आम्हाला जास्त आवडली. गोवराची लस सुईऐवजी वाफेसारखी नाकातोंडातून देता येईल का, हे बघायला केईएमच्याच केंद्राने आपल्या राज्यात २,००४ बाळांवर चाचणी केली. निकाल २०१५ मध्ये छापून आला. सुई दिलेल्या बाळांपैकी ९४.६ टक्क्यांत गोवराविरुद्धची शक्ती दिसली, वाफ दिलेल्यांपैकी ८५.४ टक्क्यांत. लसीमुळे गंभीर त्रास कुणालाही झाला नव्हता. सुई नको हे कुठल्या आईला आवडलं नसतं? तरीही आधी ओढलेल्या रेघेच्या खाली पडली म्हणून ती वाफ आपल्या उपकेंद्रात आली नाही. आज नऊ महिन्यांना आणि दीड वर्षाच्या सुमारास मिळणारी गोवर-रुबेलाची लस सुईनेच देतात. वाडीतल्या बैठकीत हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे नापासही करतात तर." हो, करतात.

पण चाचणी म्हटलं की संमतीचा प्रश्न येतो, आणि तिथे आपल्या देशात चुका झालेल्या आहेत. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देऊन एक अभ्यास सुरू झाला. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाले असं निघालं नाही. पण निघालं ते हे, की खम्ममला कितीतरी संमतिपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. त्यात आदिवासी मुली बऱ्याच होत्या. २०१० मध्ये अभ्यास थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आपल्याकडे घोडेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी पोरी आश्रमशाळेत राहतात. हे ऐकून आम्ही गप्प झालो होतो.

एक गोष्ट इथे पक्की ध्यानात घ्या. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत पेंटा मिळते ती चाचणी नव्हे. ती पारखून झालेली लस आहे. चाचणी असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे तुम्हाला कळेल अशा भाषेत कागद द्यावा लागतो. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवून मगच अंगठा घ्यावा लागतो. तुमची प्रत तुमच्याकडे राहते. मधेच सोडायचं म्हटलं तर सोडता येतं आणि त्यापायी बाळाचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही मिळते. पहिलं बाळ घेण्याआधी चाचणीची सरकारी नोंद लागते, तसंच नीती समितीची परवानगी लागते. त्या समितीत कमीत कमी सात जण असतात, त्यात एक तरी बाई आणि एक तरी आपल्यासारखा साधा माणूस असावा लागतो. उद्या कुणी दारात आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: ही नेहमीची लस आहे की चाचणी? चाचणी म्हणाले तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच हाकलूही नका. कागद ठेवून घ्या, गटात आणा. आपण गटाच्या बचतीच्या ठरावावर सही करायला दोन बैठका लावतो, बाळासाठी चार दिवस लावले तर काय बिघडलं?

आता नजर ठेवण्याचं. पेंटा आल्यावर श्रीलंकेत २००८ मध्ये काही बाळांचे मृत्यू झाले म्हणून ती थांबवली होती. तपास झाला, मृत्यू लसीमुळे झाल्याचं सापडलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. व्हिएतनाममध्येही २०१३ मध्ये असंच थांबवून पुन्हा सुरू केली. आपल्याकडे काही जण कोर्टात गेले. प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही वेडं म्हणणार नाही. कारण दीड ते साडेतीन महिने हे वयच असं, की लस नसतानाही काही बाळं अचानक दगावतात. लसीनंतर झालं आणि लसीमुळे झालं, यातला फरक नुसतं बघून कळत नाही, तपासूनच कळतो. आणि तपासायला आधी कुणीतरी कळवावं लागतं. ते आपलं काम.

म्हणून लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. पाणी भरायचंय, शेरडं सोडायचीत, हे आम्हालाही ठाऊक आहे, तरी बसा. घरी आल्यावर एक-दोन दिवस ताप, थोडी सूज, किरकिर, मांडीत गाठ हे होऊ शकतं. अंगावरचं पाजत राहा. तापाचं औषध सिस्टर बाळाच्या वजनाप्रमाणे सांगतील तेवढंच द्या, अंदाजाने चमचा भरू नका. जागा चोळू नका, बाम, हळद, चुना काही लावू नका. पण बाळ तीन तासांहून जास्त सलग कळवळून रडतंय, मलूल पडलंय, अंगावर पीत नाही, झटका आला, श्वासाला त्रास होतोय, ताप फार चढलाय, यातलं काही झालं तर रात्र असली तरी थांबू नका. आशाताईला फोन करा आणि आरोग्य केंद्र गाठा. आणि झालं ते कळवाच. "आता बरं आहे, कशाला सांगायचं" असं म्हणून गप्प बसू नका. गंभीर त्रासाची नोंद तालुक्यावरून जिल्ह्याच्या समितीकडे जाते.

बाटलीही बघायला मागा. तिच्यावर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला की बाटली चांगली. चौकोन गोलाइतकाच गडद झाला म्हणजे तिला उष्णता लागलीय, ती चालत नाही. पेंटा गोठलेलीही चालत नाही. आमच्यातल्या एकीने एकदा बाटली बघायला मागितली तर एक सिस्टर रागावल्या, "तुला काय कळतंय त्यातलं?" एवढं कळतं, असं म्हणून तिने चौकोन दाखवला. पुढच्या खेपेला त्याच सिस्टरांनी आपण होऊन बाटली पुढे केली.

डोस राहिला असेल तर? टोमॅटोच्या तोडीला नारायणगावकडे किंवा कांद्याच्या लावणीला खाली उतरलेल्या बायांचे डोस हमखास राहतात. कार्ड सोबत न्या, जिथे असाल तिथल्या उपकेंद्रात लस मिळते. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे चालू. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. सरकारी कार्यक्रमात बाळ वर्षाचं होईपर्यंत पेंटा घेता येते, तेवढी तारीख मात्र गाठा.

आता त्या अर्जाचं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही हे सगळं असंच सांगितलं, इंग्लंडचं आणि खम्ममचंही. सून मागे भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकच विचारलं, "दुसऱ्या डोसलाही ताप येईल का?" येऊ शकतो, आम्ही म्हटलं. त्याच आठवड्यात ती गेली. ताप आला. रात्री नऊला तिचा आम्हाला फोन, मग आशाताईला, आशाताईने औषध किती द्यायचं ते सांगितलं, सकाळी ताप उतरला. त्या तीन घरांपैकी दोघी पुढच्या सत्राला गेल्या. तिसरी अजून गेली नाही, तिच्याकडे आम्ही येत्या गुरुवारी जाणार आहोत.

ताईंनी कर्जाचा अर्ज काही मागे घेतला नाही. कारणाच्या रकान्यातली 'लस' खोडून तिथे 'शेळी' लिहिली आणि ठराव पास करून घेतला.